भात वैरायच्या वेळचा बिघाड

आमच्या घरात दोन आवाज कधी थांबले नाहीत, एक समुद्राचा आणि दुसरा आत्याचा. समुद्राला कोणी काही बोलत नसे. आत्याला मात्र बाबा दिवसातून दहादा तरी म्हणत, "अक्का, हळू." ती परसातल्या विहिरीवर कळशी भरता भरता आईशी बोलायची आणि ते रस्त्यानं जाणाऱ्या मासळीवालीला ऐकू जायचं. ती बिचारी पाटी घेऊन आत यायची आणि विचारायची, "मला हाक मारलीत काय?" मग आईला नको असताना बांगडे घ्यावे लागायचे. आत्या बाबांची मोठी बहीण. तिला दिली होती पावसला, आंब्याच्या बागेत. तिथं मोसमात वांदर हाकलायचं काम तिच्याकडे होतं, आणि बागेच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा वांदर हाकलायचा तर आवाज लागतोच. बागेत तो सगळ्यांना हवा असायचा आणि ती घरात आली की तोच नको व्हायचा. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. एका खेपेला गेला तो परत आलाच नाही, आणि आत्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. सासरी ती 'हळू' ऐकून आली होती, माहेरीही तेच सुरू झालं. ती ओशाळून दोन वाक्यं हळू बोलायची आणि तिसऱ्याला पुन्हा मूळपदावर यायची.

गाताना मात्र तिचं वेगळंच असे. गौरी आल्या की आळीतल्या सगळ्या बायका आमच्या पडवीत जमायच्या, आणि आत्या नाकातल्या नाकात गुणगुणल्यासारखी सुरुवात करायची. इतकी हळू, की बायका बांगड्या वाजू नयेत म्हणून हात मांडीवर दाबून धरायच्या. मग मध्येच ती आवाज असा फेकायची की कौलांवरचे कावळे उडायचे, आणि लगेच पुढच्या शब्दाला परत खाली. माहेराहून माणूस न्यायला येत नाही, वाट बघून डोळे शिणले, असलंच काहीतरी त्या गाण्यांत असे. शब्द बरेचसे तिचेच होते. कुठे लिहिलेले नव्हते, आणि तिला किती गाणी येतात हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्या उन्हाळ्यात तिच्या गळ्याची गाठ लिंबाएवढी झाली. दादा मुंबईला नोकरीला होता, त्यानं तिकडच्या इस्पितळात दाखवून ऑपरेशन ठरवलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला चिकटून आहे. ती वाचवायला बघू, पण आवाज राहील की जाईल हे आत्ता सांगता येणार नाही. सोमवारी सकाळी भरती व्हायचं होतं, म्हणजे रविवारी दुपारी चारची एसटी धरायची. दादाचं हे पत्र आलं तेव्हा हातात आठ दिवस होते. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गेला तर गेला. तुम्ही सुटाल."

मी तेव्हा तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होते. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि त्यातली एक लग्न ठरल्यावर यायची थांबलेली. मी हट्टी होते. आताही आहे असं घरचे म्हणतात, पण तेव्हाचा हट्ट हातात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसलेला असायचा. जायच्या आधी आत्याची गाणी टेपवर धरायचीच, आणि तीही रेडिओवर येतात तशी स्वच्छ, असं मी जाहीर करून टाकलं. गणपतीत मंडप घालणाऱ्या एका ओळखीच्यांकडून मी चांगला माइक आणि कॅसेट डेक मागून आणला. पहिल्याच दिवशी दोन गाणी घेतली आणि ऐकून मला घाम फुटला. ती आवाज फेकायची तिथं टेपवर नुसता चरचराट होता, कढईत पाणी पडल्यासारखा. पातळी कमी करून पुन्हा घेतलं, तर मोठे सूर नीट आले पण गुणगुणणं टेपच्या खरखरीत बुडून गेलं. तिचा वरचा आवाज आणि खालचा आवाज यांच्यात एवढं अंतर होतं की दोन्ही एका टेपवर बसत नव्हते. आता माझी नात बोटानं फोनवर ठिपका दाबते आणि पाऊस, मांजर, माझं घोरणं, सगळं सारखंच स्वच्छ धरते. तिला हे दुखणं समजावून सांगायला मला अर्धी दुपार लागली.

यावर उपाय मला माहीत होता, कारण तोच मी परीक्षेच्या प्रकल्पासाठी घेतला होता आणि तो अर्धवट पडला होता. स्टुडिओत असतो तसा कंप्रेसर. बाबांनी हे शेजारच्या बापूकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग त्याच्यावर माझ्या सायकलीत हवा भरता येईल काय?" आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला आपसूक थोडं दाबायचं आणि खाली आला की सोडून द्यायचं, एवढंच ह्या यंत्राचं काम. आराखडा एका मासिकातला होता, सुटे भाग दादानं मुंबईहून धाडले होते. त्याचं काळीज म्हणजे एक तांदळाएवढा दिवा आणि त्याच्यासमोर टिकलीएवढा एक तुकडा, ज्याच्यावर उजेड पडला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. आवाज वाढला की दिवा पेटणार, दिवा पेटला की टिकली आवाज खेचून खाली आणणार. हे दोघं एका बॉलपेनच्या नळीत समोरासमोर बसवून मी वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. सगळा संसार एका जुन्या स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या पेटीत मांडला आणि मोडक्या टेपरेकॉर्डरचा काटा पुढच्या बाजूला बसवला.

जागा म्हणाल तर आंब्याची खोली. स्वयंपाकघराला लागून होती आणि मे महिन्यात तिथं अढी घातलेली असायची. जमिनीवर हातभर पेंढा, त्यात आंबे, वरून पुन्हा पेंढा आणि गोणपाट. त्या पेंढ्यामुळे खोलीत आवाज घुमत नसे, म्हणून मला ती स्टुडिओसारखी वाटली. भिंतीशी कायमचं एक टेबल होतं, त्यावर मी यंत्र मांडलं आणि खिडकी बंद करून गोधडी टांगली. ट्यूबलाइट गुणगुणायची म्हणून तीही बंद. वर एक काचेचं कौल होतं, तेवढ्या उजेडात काम भागायचं. पिकत्या आंब्यांचा घमघमाट, सोल्डरिंगच्या रोझिनचा धूर आणि कपाळावरून ओघळणारा घाम, असं आठवडाभर चाललं. अजून कुठं पायरी आंब्याचा वास आला की माझा हात उगाच स्क्रूड्रायव्हर शोधतो.

पेटी दोन दिवसांत पुरी झाली आणि चालूही झाली. मग तिला मापात आणायचं काम सुरू झालं आणि तिथं माझी जिरली. एक सारखा सूर तिच्यात सोडायचा आणि आतले तीन बारीक स्क्रू असे फिरवायचे की काटा नेमक्या रेघेवर यावा. सूर काढायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. आळीतल्या भजनी मंडळाची सूरपेटी आणली आणि माइकसमोर ठेवली. आई रिकामी असली की ती भाता दाबायची, नाहीतर मी डाव्या हातानं भाता आणि उजव्या हातानं स्क्रू. सकाळी नऊला बसले की दहापर्यंत काटा रेघेवर यायचा. आणि अकराच्या सुमाराला तो झोप आल्यासारखा हळूहळू खाली कलायचा. सूरपेटी तीच, भाता तोच, हेडफोनमधला सूर मात्र खोल जायचा. मध्येच उसळून वर यायचा, परत जायचा. मी चरफडत स्क्रू फिरवून काटा परत रेघेवर आणायची, की बाराला उलटीच तऱ्हा. आता काटा रेघ ओलांडून पलीकडे, आणि आवाज पुन्हा चरचरायला लागलेला. दुपारभर बसून परत मापात आणायचं आणि दुसऱ्या दिवशी अकराला पहिले पाढे पंचावन्न.

मी काय काय शोधलं नाही? सगळे जोड पुन्हा तापवले. खारी हवा लागून पिना गंजल्या असतील म्हणून त्या पॉलिश पेपरनं घासल्या. दोन कपॅसिटर बदलले. शेवटी माझी खात्री पटली की दोष विजेच्या दाबाचा आहे, कारण बापूकाकांचा पोफळीला पाणी द्यायचा पंप रोज त्याच सुमाराला सुरू व्हायचा. बाबा भिडस्त माणूस, पण माझ्यासाठी कुंपणाशी जाऊन त्यांनी गळ घातली. बापूकाकांनी दोन दिवस पंप बंद ठेवला. बिघाड दोन्ही दिवस वेळेवर आला. तिसऱ्या दिवशी ते स्वतः दारात येऊन उभे राहिले. "नलू, माझी पोफळ सुकली तर तुझ्या डब्यातनं पाणी सोडणार हायस काय?" मी खाली मान घालून कबूल केलं की पंपाचा दोष नव्हता. वर त्यात दोन दिवस गेले, आणि राहिला शनिवार आणि अर्धा रविवार.

शनिवारी मी विचार केला की सूरपेटी गेली खड्ड्यात, सरळ आत्यालाच गायला बसवू. ती आली, पेंढ्याच्या कडेला पाट टाकून बसली आणि गायला लागली. पहिलं गाणं बरं आलं. दुसऱ्याच्या मध्यावर, अकराच्या सुमारालाच, हेडफोनमध्ये तिचा आवाज विहिरीत उतरत गेला आणि माझा चेहरा पडला. तिनं थांबून विचारलं, "काय झालं गो? माझं चुकलं काय?" मी काही बोलायच्या आत बाबा दारातून म्हणाले, चेष्टेतच म्हणाले, "तुझं काही चुकत नाय अक्का. तुझा आवाज खाली आणायला यंत्र केलंन नलूनं. मी सांगून थकलो, आता ते सांगेल."

आत्या माझ्याकडे वळली. "खरं काय?" तिनं विचारलं. आणि मी काय करावं? शास्त्र शिकलेली मूर्ख मुलगी, मी म्हणाले, "तसं नाही आत्ये, म्हणजे खाली आणतं, पण थोडाच."

ती उठली. "सासू म्हणायची हळू, नवरा म्हणायचा हळू, भावानं जन्म घालवलान हळू म्हणण्यात. ती सगळी माणसं तरी होती. आता पत्र्याचा डबा सांगणार मला?" असं म्हणून ती मागल्या पडवीत गेली आणि आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसली. त्या दिवशी ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही. कोपरापर्यंत हात लाल करून ती रातांबे फोडत होती आणि विहिरीवर नुसता रहाट वाजत होता. बाबा दोनदा तिच्याजवळून उगाच फिरून आले. मासळीवाली रस्त्यावरून सरळ पुढे गेली. मला त्या शांततेची भीती वाटली, कारण सोमवारनंतर घर असंच वाजणार आहे हे माझ्या लक्षात आलं. आणि शेवटचे शब्द म्हणून तिच्या कानात माझी ती मूर्खपणाची कबुली राहणार होती.

रविवारी उजाडल्यापासून आईची लगबग सुरू झाली. प्रवासासाठी घावणे, जेवायला फणसाची भाजी. आत्याची ट्रंक पडवीत बांधून तयार. ती न्हाऊन, धुवट लुगडं नेसून ट्रंकेशेजारी बसली होती, एसटी दारात येणार असल्यासारखी. मी तिला काही विचारलं नाही. आधी यंत्र नीट व्हायला हवं होतं, मगच तोंड दाखवायला जागा होती. नऊला सूरपेटी लावली, दहाला काटा रेघेवर. मी त्याच्याकडे बघत बसले. साडेदहा झाले, काटा जागच्या जागी. मला वाटलं सुटले. आणि मग तो कलायला लागला. मी सूरपेटी बंद केली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकून मारला. तो चिऱ्याला लागून पेंढ्यात पडला. मला रडूच कोसळलं.

आई आतून आली. हातात धुतलेल्या तांदळाची रोवळी, बोटांना तांदूळ चिकटलेले. "परत बिघडलं काय?" मी नुसती मान हलवली. तिनं रोवळीतलं पाणी निथळू दिलं आणि म्हणाली, "मला एक नवल वाटतं गो. रोज मी आधणात भात वैरायला घेते आणि तेव्हाच कसं तुझं बिघडतं?"

"भात कधी वैरतेस तू? किती वाजता?"

"वाजता बिजता मला काय ठाऊक. कवडसा ह्या टेबलावर चढला की मी भात वैरते. तुझी अढी असू दे नाहीतर शाळा असू दे, माझं घड्याळ तेच."

मी टेबलाकडे बघितलं. काचेच्या कौलातून आलेला उन्हाचा चौकोन, जो मी लहानपणापासून रोज जमिनीवरून सरकताना बघत होते आणि म्हणूनच कधी बघितला नव्हता, तो टेबलावर चढून उघड्या पेटीच्या मधोमध बसला होता. आतले स्क्रू फिरवायचे म्हणून मी आठवडाभर झाकण काढूनच ठेवलं होतं. मी सूरपेटी चालू करून आईच्या हातात भाता दिला आणि कवडशावर माझा पंजा आडवा धरला. काटा उठून रेघेवर आला. पंजा काढला, काटा पडला. आईनं भाता माझ्याकडे देऊन स्वतःचा तांदूळ चिकटलेला हात धरून बघितला. तिच्या हातालाही काटा तसाच उठला. "अगो बाई," ती म्हणाली, "तुझ्या यंत्राला ऊन बाधतंय."

पेनच्या नळीवरची चिकटपट्टी मेच्या उकाड्यानं सुटली होती आणि नखाएवढी फट पडली होती. ऊन त्या फटीतून टिकलीवर पडायचं, टिकलीला वाटायचं दिवा पेटला, म्हणजे कोणीतरी मोठ्यानं गातंय, आणि ती बिचारी इमानानं आवाज दाबायची. ढग आला की सोडायची. मी मात्र अकराला कवडशाच्या मापानं स्क्रू फिरवायची आणि बाराला कवडसा पुढे सरकला की ते माप खोटं ठरायचं. मुंबईच्या सिमेंटच्या घरात हे जन्मात होणार नाही. मी बापूकाकांची पोफळ सुकवली आणि डोक्यावरचं कौल बघितलं नाही.

आता उजेड न शिरेल असं काहीतरी काळं हवं होतं, आणि चिकटपट्टीवर माझा विश्वास उरला नव्हता. बाबा दारातच होते. आदल्या दिवशीपासून ते असे दारादारांत उभे राहत होते. त्यांनी खुंटीवरची स्वतःची छत्री काढली, कचेरीत न्यायची, चांगली धडधाकट, आणि पावसाळा पंधरा दिवसांवर आलेला असताना कात्रीनं तिची एक पाकळी कापून माझ्या हातात दिली. "दोन पदर घाल," एवढंच म्हणाले. एवढ्याशा नळीवर ते कापड शिवून बसवायचं काम माझ्या बोटांना जमेना. घरात गोधडीचे टाके घालणारी एकच होती. बाबांनी पडवीत जाऊन हाक मारली नाही. ते सुईदोरा घेऊन आत्याजवळ गेले आणि उभे राहिले. ती उठून आली.

शिवता शिवता तिनं विचारलं, "ह्यात काय हाय?" मी आधी तिला पहिल्या दिवसाची टेप ऐकवली, बिनयंत्राची. आवाज फेकला तिथला चरचराट ऐकून तिचा टाका थांबला. "ही मी?" "तू नव्हेस. टेप फाटते तुझ्या आवाजानं. आणि ती फाटू नये म्हणून पातळी कमी केली, तर हे बघ, तुझं हळू गाणं बुडून जातं." मग मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. म्हटलं, "आत्ये, दूध उतू जायला आलं की आई स्टो बारीक करते ना? दूध ओतून देते काय? खाली बसलं की परत मोठा करते. ही पेटी तेवढंच करते."

तिनं दोरा दातानं तोडला. नळी उजेडाकडे धरून फट राहिली का ते बघितलं. "मग तुझ्या आयशीलाच घातलंस म्हण ना डब्यात," ती म्हणाली. तिच्या सगळ्या मोठ्या आवाजात म्हणाली. आई आतून हसली.

बाबांनी खिळा आणि हातोडी घेऊन झाकणाला तीन भोकं पाडली, म्हणजे झाकण लावूनही आतले स्क्रू फिरवता येतील. झाकण लावलं. सूरपेटीचा भाता आता आत्यानं धरला, आणि तिचा हात इतका सारखा होता की काटा रेघेवर येऊन खिळला. बाबांनी टॉर्च पेटवून पेटीवर, फटींवर, भोकांवर मारला. काटा हलला नाही. उरलं होतं ते एकच, आणि ते कुठल्याही मासिकात नव्हतं. दाबलेला आवाज पेटीनं किती वेळात सोडायचा? लवकर सोडला तर पेटी धापा टाकल्यासारखी ऐकू येते, उशिरा सोडला तर हाकेनंतरचं गुणगुणणं दाबलेलंच राहतं. मी आत्याला एक ओळ पुन्हा पुन्हा गायला लावली. ती आवाज फेकायची, मग एक श्वास घ्यायची, मग खाली यायची. त्या एका श्वासाएवढा वेळ मी शेवटच्या स्क्रूनं बांधला. ती श्वास घेईपर्यंत पेटीनं हात काढलेला असायचा.

तेव्हा एक वाजून गेला होता. जेवून मग बसू असं आई म्हणाली, पण आत्या म्हणाली भरल्या पोटी गाता येत नाय. भात निवत राहिला. तिनं पाटावर मांडी घातली, पदर खांद्यावरून घेतला, गळ्याची गाठ एकदा हातानं चाचपली आणि गायला सुरुवात केली. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत ती थांबली नाही. माझी नजर काट्यावर होती. तो उठत होता, रेघेशी अडत होता, परत येत होता. मला सारखं वाटत होतं, की आता काहीतरी बिघडणार. काही बिघडलं नाही. शेवटचं गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. ते आईलाही माहीत नव्हतं. बोटीवर गेलेल्या माणसाला ती विचारत होती की तुला हाक ऐकू आली नाही का, माझी हाक तर सगळ्या गावाला ऐकू जाते. मी रडत होते आणि हेडफोनमुळे ते मला ऐकू येत नव्हतं.

अडीचला मी कॅसेट उलटी गुंडाळली आणि हेडफोन तिच्या कानाला लावायला गेले, तर ती म्हणाली, "सगळ्यांना ऐकू दे." मी डेक बाबांच्या रेडिओला जोडला. तिचं गुणगुणणं खोलीत आलं, अगदी जवळून, कोणी आपल्या उशाशी बसून म्हणावं तसं. पेटीनं मोठा आवाज धरल्यामुळे मला लहान आवाज वर उचलता आला होता. आत्यानं मान वाकडी करून ऐकलं. "हे कोण गातंय?"

"तूच."

"नाय गो. हे हळू, हे कोण?"

"तूच आत्ये. सुरुवात तू अशीच करतेस."

ती ऐकत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःला हळू ऐकलं होतं. मग बाबांकडे वळून ती म्हणाली, "येवढी हळू गाते मी. मग मला सगळी मिळून काय सांगत होतात रे?" बाबा खुंटीवरच्या पाकळी कापलेल्या छत्रीकडे बघत बसले. नंतर त्यांनी तिचं ताट स्वतः वाढून आणलं. चारची एसटी साडेचारला आली, आणि खिडकीतून तिनं जो निरोप घेतला तो अख्ख्या स्टँडनं ऐकला. "अक्का, हळू" असं म्हणायला कोणी तोंड उघडलं नाही.

गाठ निघाली. आवाज गेला. म्हणजे अगदी गेला नाही, एक बारीक फुसफुस राहिली, फुंकणीतून निघते तशी. घर शांत झालं आणि त्या शांततेची आम्हाला कधीच सवय झाली नाही. ती कॅसेट गौरीला लागायची. आत्या पुढे बसून ओठ हलवायची आणि बायका मांडीवर हात दाबून ऐकायच्या. ती पेटी आजही माझ्या कपाटात आहे. दिवा कधीच गेला, छत्रीचं कापड आणि त्यावरचे टाके शाबूत आहेत.

पेन्शनीत बाबांचे कान गेले. ऐकू येत नाही ती माणसं मोठ्यानं बोलतात, तसे ते बोलू लागले. बहीण-भाऊ संध्याकाळी पडवीत बसायचे. बाबा ओरडून तिला पेपर वाचून दाखवायचे, त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आणि नवी मासळीवाली फाटकात येऊन उभी राहायची. आत्या भावाचा दंड धरून काहीतरी फुसफुसायची. त्यांना ते कळायचं नाही. ते माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणतेय गो अक्का?" आत्याचे खांदे हसून हसून हलत असायचे. मी उठून त्यांच्या कानाशी तोंड न्यायची आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सांगायची, "हळू म्हणतेय!"